झडती घेता, तर पावती द्या!

"तुझ्या खिशात काही नाही ना? मग झडतीला घाबरतोस कशाला?"

हा प्रश्न वस्तीतल्या जवळपास प्रत्येक तरुणाने कधी ना कधी ऐकला आहे. नाकाबंदीत ऐकला आहे, जयंतीच्या आदल्या रात्री ऐकला आहे, दुसऱ्या पाळीवरून घरी येताना कोपऱ्यावर ऐकला आहे. विचारणाऱ्याला उत्तर नकोच असते, कारण तोवर त्याचा हात खिशात गेलेला असतो. आमचे म्हणणे असे की हा प्रश्नच उलटा आहे. ज्याच्या अंगावर वर्दी, हातात काठी आणि पाठीशी सरकार आहे, त्याने आधी सांगायचे असते की मी हे कोणत्या कायद्याने करतो आहे. खिशात काय आहे ते नंतर.

पोलीस ठाण्यात मुले सोडवायला जाणाऱ्या कार्यकर्त्यांना एक शब्द पाठ झालेला आहे: "संशयावरून". कशाचा संशय, कुणाला आला, कशावरून आला, हे विचारले की साहेब फाईल चाळू लागतात. म्हणून या लेखात आपण कायदाच नीट उघडून बघू. भावनेने नव्हे, कलमाने बोलू. आणि कलमाने बोललो तर असे दिसते की ज्या झडतीला आपण सवयीने मान तुकवतो, तिच्यापैकी बहुतेक झडत्यांना पायाच नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. आकडे बदलले, झडतीचा सांगाडा तोच राहिला. कलम ३५ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याचा वाजवी संशय असेल तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अटक झाल्यावर कलम ४९ लागते: अंगझडती घ्या, सापडलेल्या वस्तू ताब्यात ठेवा आणि त्या वस्तूंची पावती त्या माणसाला द्या. स्त्रीची झडती असेल तर ती स्त्रीनेच घ्यायची, तीही सभ्यता काटेकोर पाळून. कलम ५० प्रमाणे अटक केलेल्याच्या अंगावरचे हत्यार काढून घ्यायचे. क्रम लक्षात घ्या. आधी अटक, मग झडती. नाक्यावर नेमके उलटे चालते. आधी झडती, काही सापडले तर अटक, आणि कागद लिहिताना सगळे पुन्हा सुलट करून लिहायचे.

घराची किंवा जागेची झडती असेल तर कायदा आणखी कडक आहे. वॉरंट हवे; वॉरंटशिवाय जायचे तर कलम १८५ प्रमाणे कारणे आधी लेखी नोंदवायची. कलम १०३ प्रमाणे त्याच भागातले दोन स्वतंत्र पंच हवेत. कलम १०५ ने आता अशा झडतीचे आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे. जागेची झडती चालू असताना तिथल्या एखाद्या माणसाने वस्तू अंगावर लपवल्याचा वाजवी संशय आला तर त्याचीही झडती घेता येते, आणि जप्त केलेल्या वस्तूंची यादी त्याला द्यावी लागते.

आता हत्यारांकडे या. शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम १९ म्हणते की शस्त्र बाळगणाऱ्याकडे पोलीस परवाना मागू शकतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी हत्यारे, काठ्या, सुरे घेऊन फिरण्यावर बंदी घालतात. बंदी मोडणाऱ्याचे हत्यार पोलीस काढून घेऊ शकतात. रस्त्यावर कुणाजवळची वस्तू चोरीची असल्याचा प्रामाणिक संशय आला तर ती तपासण्याची मुभाही त्याच अधिनियमात आहे. पण हे सगळे पुन्हा वाचा. हत्यार घेऊन जाणाऱ्याला अडवा, असे कायदा म्हणतो. कुणाकडे हत्यार आहे का ते शोधायला दिसेल त्याला भिंतीकडे तोंड करून उभे करा, असे तो म्हणत नाही. अटक न झालेल्या, रस्त्याने चाललेल्या माणसाला केवळ "बघू तरी" म्हणून चाचपण्याचा सरसकट अधिकार यांतले एकही कलम देत नाही.

उलट त्याच महाराष्ट्र पोलीस अधिनियमात कलम १४७ आहे. जो पोलीस एखाद्याला त्रास देण्यासाठी, गरज नसताना अडवून ठेवतो किंवा त्याची झडती घेतो, त्याला कैद किंवा दंडाची शिक्षा त्यात सांगितली आहे. हे कलम १९५१ पासून पुस्तकात आहे. कलम ३७ चे आदेश वर्षातून कितीदा तरी वर्तमानपत्रात येतात. कलम १४७ छापून आलेले तुम्ही कधी वाचले आहे?

हत्यार म्हणजे काय, हेही एकदा बोलू. पुण्यात "कोयता गँग"च्या बातम्या सुरू झाल्यापासून कोयता हा शब्दच गुन्हा झाला आहे. ज्यांनी कोयत्याने माणसे तोडली त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी, त्यांची वकिली आम्ही करत नाही. त्यांचे बळीही बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतले असतात. पण शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू स्पष्टपणे वगळल्या आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाचा कोयता, चांभाराची रापी, बांबूकाम करणाऱ्याची सुरी ही त्याची भाकरी आहे. तीच वस्तू बंगल्याच्या बागेत माळ्याच्या हातात असली की अवजार असते आणि झोपडपट्टीच्या तोंडाशी पोराच्या पिशवीत असली की हत्यार होते. आणि मिरवणुकीत उघड्या तलवारी नाचवल्या की ती परंपरा! वस्तू बदलत नाही. तिच्या मागचा माणूस बदलतो, आणि पोलीस त्या माणसाकडे बघून वस्तूचे नाव ठरवतात.

आता थोडे इतिहासात जाऊ, कारण हा विषय बाबासाहेबांनी दोनदा हाताळला होता आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ते माहीत आहे.

१९४७ साली बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. राज्य समाजवाद, स्वतंत्र मतदारसंघ यांसाठी आपण ते वाचतो. पण त्यातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत एक कलम असेही आहे की माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण असले पाहिजे, आणि सबळ कारणाशिवाय वॉरंट निघता कामा नये. अमेरिकेच्या घटनेच्या चौथ्या दुरुस्तीतले हे संरक्षण बाबासाहेबांनी जाणीवपूर्वक आपल्या मसुद्यात घेतले. ते अंतिम घटनेत आले नाही. घटना समितीतल्या मोठ्या कायदेपंडितांना वाटले की याने पोलीस तपासाचे हात बांधले जातील.

मग ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी हेच संरक्षण दुरुस्ती म्हणून सभागृहात मांडले. बाबासाहेब उभे राहिले आणि म्हणाले की ही दुरुस्ती स्वीकारायला मी तयार आहे. त्यांचे कारण आजही वाचण्यासारखे आहे. ते म्हणाले की यात नवीन काही नाही, फौजदारी प्रक्रिया संहितेत हे आहेच. पण उद्याचे विधिमंडळ ते काढून टाकू शकते, आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने ही तरतूद इतकी महत्त्वाची आहे की ती विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवणे इष्ट आहे. म्हणजे मसुदा समितीच्या अध्यक्षांचा होकार होता! तरीही मतदानात गोंधळ झाला आणि शेवटी ती दुरुस्ती पडली.

परिणाम काय झाला? १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी सांगितले की घटनाकारांनी चौथ्या दुरुस्तीसारखा हक्क घटनेत घातला नाही, तेव्हा आम्ही तो बाहेरून आणून घालणार नाही. पुढे १९७३ च्या अखेरीस पूरणमल खटल्यात ठरले की बेकायदा झडतीत सापडलेला पुरावाही चालतो. पोलिसांना यातून कळायचे ते कळले. काही सापडले तर झडती आपोआप शुद्ध होते, काही नाही सापडले तर तिची कुठे नोंदच नसते. दोन्हीकडून पोलीस मोकळा. अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ५० आहे, त्यात राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर अंगझडती देण्याचा हक्क आहे, आणि तो न सांगता अंगझडती घेतली तर तिच्यावर उभी केलेली शिक्षा टिकत नाही, असे बलदेव सिंग खटल्यात १९९९ मध्ये पाच न्यायाधीशांनी सांगितले. गांजा शोधताना हा हक्क आहे. चाकू शोधताना नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि एम. पी. शर्मा निकालातले ते विधान रद्दबातल केले. त्या निकालात बाबासाहेबांच्या १९४७ च्या मसुद्याचा उल्लेख आहे. म्हणजे सत्तर वर्षांनी का होईना, जे कलम सभागृहाने नाकारले ते अनुच्छेद २१ च्या दाराने आत आले. आपल्या शरीरावर हात टाकायचा तर कायदा हवा, उद्देश वैध हवा आणि हात टाकणे त्या उद्देशाच्या प्रमाणात हवे, हे आता घटनेचे मोजमाप आहे. नाक्यावर मात्र अजून १९५४ सालच चालू आहे.

इथे काही वकील मित्र म्हणतात: मग सरळ कायदाच करून घेऊ. अमेरिकेसारखा. पोलिसाला थांबवण्याचा आणि हत्यारासाठी चाचपण्याचा मर्यादित अधिकार द्या, मर्यादा लिहून ठेवा, म्हणजे सगळे नियमात येईल. हे म्हणणे ऐकायला शहाणपणाचे वाटते. आम्हाला ते मान्य नाही. का, ते सांगायला अमेरिकेत जावे लागेल. चळवळीला तो रस्ता नवा नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते, आणि १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतले ते ब्लॅक पँथरवरून.

३१ ऑक्टोबर १९६३. ओहायो राज्यातले क्लीव्हलँड शहर. दुपारची वेळ. साध्या कपड्यातला एक मुरलेला गुप्त पोलीस, मॅकफॅडन, दोन माणसांना बघतो. दोघे आळीपाळीने एका दुकानाच्या काचेपर्यंत जातात, आत डोकावतात, परत येतात, कुजबुजतात. असे डझनभर वेळा. मध्ये एक तिसरा माणूस येऊन बोलून जातो. मॅकफॅडनला वाटते की दरोड्याची टेहळणी चालू आहे. तो जवळ जातो, ओळख सांगतो, नावे विचारतो. ते काहीतरी पुटपुटतात. तो जॉन टेरी नावाच्या माणसाला धरून फिरवतो आणि त्याच्या कोटावरून हात फिरवतो. पिस्तूल लागते. दुसऱ्याकडेही सापडते. तिसऱ्याकडे वरून हात फिरवल्यावर काही लागत नाही, म्हणून त्याच्या खिशात तो हात घालत नाही.

टेरीच्या बाजूने लढलेले वकील लुई स्टोक्स पुढे ओहायोतून निवडून गेलेले पहिले कृष्णवर्णीय काँग्रेस सदस्य झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १० जून १९६८ रोजी आठ विरुद्ध एक असा निकाल लागला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश वॉरेन हे पुराणमतवादी नव्हते. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल त्यांचाच. त्यांनी सांगितले की पोलिसाने माणसाला अडवले आणि त्याची निघून जाण्याची मोकळीक घेतली की तो "ताब्यात घेतलेला"च असतो, मग त्याला अटक म्हणा वा न म्हणा. कोटावरून हात फिरवणे ही झडतीच आहे, क्षुल्लक गोष्ट नाही, माणसाच्या प्रतिष्ठेवरचा तो गंभीर आघात आहे. इथपर्यंत उत्तम. पण पुढे म्हटले की अटकेला लागते तसे सबळ कारण नसले तरी, गुन्हा होतो आहे असा वाजवी संशय असेल आणि समोरचा सशस्त्र व धोकादायक असावा असे मानायला शब्दांत सांगता येईल असे ठोस कारण असेल, तर पोलीस स्वतःच्या आणि इतरांच्या जिवासाठी वरवर चाचपू शकतो. नुसता अंदाज चालणार नाही. फक्त हत्यारासाठी. फक्त वरून.

एकट्या न्यायमूर्ती डग्लस यांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा सोपा होता: सबळ कारणाशिवाय न्यायाधीशसुद्धा वॉरंट देऊ शकत नाही, म्हणजे जे न्यायाधीशाला करता येत नाही ते तुम्ही रस्त्यावरच्या पोलिसाला करू दिले. आणखी एक गोष्ट. टेरी कृष्णवर्णीय होता. निकालात घटनेचे इतके बारीक वर्णन आहे, पण हे त्यात येत नाही. अल्पसंख्याक, विशेषतः कृष्णवर्णीय लोक पोलिसांच्या छळाची तक्रार करतात हे वॉरेन यांनी नोंदवले, आणि त्याच दमात कबूल केले की पुरावा बाद करण्याच्या नियमाने तो छळ थांबणार नाही. कारण उघड आहे. ज्याच्या खिशात काही सापडत नाही त्याच्यावर खटला होत नाही, आणि खटला नाही तर त्याची झडती न्यायाधीशासमोर कधी येतच नाही. न्यायालयासमोर येतो तो टेरी, ज्याच्याकडे पिस्तूल होते. ज्यांच्या खिशात बसचे तिकीट होते ते सगळे अदृश्य.

कागदावरच्या मर्यादा नंतरही बऱ्या राहिल्या, हे मान्य करू. १९९३ च्या डिकर्सन खटल्यात न्यायालय म्हणाले की हाताला लागलेली वस्तू हत्यार नाही हे कळल्यावर ती चिवडत बसता येणार नाही. २००० साली मायामीतल्या एका मुलाच्या खटल्यात तर नऊही न्यायाधीश एकमताचे होते. निनावी फोन आला होता की बस थांब्यावर चौकड्याचा शर्ट घातलेल्या मुलाकडे पिस्तूल आहे. पोलिसांनी चाचपले आणि पिस्तूल खरोखर सापडले. तरी झडती बेकायदा, कारण निनावी फोन म्हणजे वाजवी संशय नव्हे. आपल्याकडच्या किती गुन्ह्यांची सुरुवात "गुप्त बातमीदारामार्फत खात्रीशीर बातमी मिळाली" या एका वाक्याने होते, ते आठवा. ते वाक्य तिथे टिकले असते का?

पण रस्त्यावर काय झाले? न्यूयॉर्क बघा. २००४ ते २०१२ च्या मध्यापर्यंत तिथल्या पोलिसांनी ४४ लाख वेळा लोकांना थांबवले. निम्म्याहून अधिक वेळा हत्यारासाठी चाचपले. चाचपलेल्यांपैकी हत्यार सापडले ते दीड टक्का. शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय २३ टक्के, थांबवलेल्यांत ५२ टक्के. गोरे लोकसंख्येत ३३ टक्के, थांबवलेल्यांत १० टक्के. आणि सगळ्यात बोलका आकडा पुढे आहे: थांबवलेल्या कृष्णवर्णीयांकडे हत्यार सापडण्याचे प्रमाण १ टक्का, गोऱ्यांकडे १.४ टक्के. म्हणजे ज्यांच्यावर संशय कमी, त्यांच्याकडे हत्यार सापडण्याचे प्रमाण जास्त. याचा अर्थ इतकाच की कृष्णवर्णीयाला थांबवायला पोलिसांना कमी कारण पुरत होते. "वाजवी संशय" नावाची ती सुंदर कसोटी कातडीच्या रंगाजवळ येऊन वितळली.

१२ ऑगस्ट २०१३ रोजी फ्लॉइड खटल्यात न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी हा प्रकार घटनाबाह्य ठरवला. आता नीट ऐका. हे ४४ लाख, हे ५२ टक्के, हे दीड टक्का आले कुठून? पोलिसांच्याच कागदातून. न्यूयॉर्कच्या पोलिसाला प्रत्येक वेळी एक छापील अर्ज भरावा लागत होता: कुणाला थांबवले, वर्ण कोणता, कारण काय, चाचपले का, काय सापडले. पोलिसांनी कारणाच्या चौकटीत "संशयास्पद हालचाल", "गुन्हेगारीचा भाग" अशा खुणा केल्या. लाखो अर्जांत त्याच त्या खुणा बघितल्यावर न्यायालयाला कळले की ही कारणे नव्हेत, सवय आहे. तिथला माणूस जिंकला तो कायदा चांगला होता म्हणून नव्हे. कागद होता म्हणून.

आमच्याकडे तो कागद नाही. पुण्यात, नागपुरात, मुंबईत वर्षाला किती लोकांना थांबवून चाचपले जाते? त्यांत बौद्ध किती, मातंग किती, मुस्लिम किती, पारधी किती? हत्यार किती जणांकडे सापडले? "नाकाबंदीत अमुक वाहने तपासली, तमुक हत्यारे जप्त" अशी बातमी येते. ज्यांच्याकडे काही सापडले नाही त्यांची जात-वस्ती मात्र कुणी लिहून ठेवत नाही. आणि मग चर्चेच्या टेबलावर आम्हाला विचारले जाते, "भेदभाव होतो याला पुरावा काय?" पुरावा निर्माणच होऊ द्यायचा नाही आणि मग तोच मागायचा!

संशय इथे कातडीवर नाही, तर पत्त्यावर, आडनावावर, मनगटातल्या निळ्या धाग्यावर, गाडीच्या नंबरपाटीवरच्या "जय भीम"वर बसतो. पारधी, वडार, कैकाडी यांच्या बाबतीत तर तो जन्मावरच बसवला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातच गुन्हेगार ठरवली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण ठाण्याच्या डोक्यातून गेला का? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजवावे लागले की भटक्या-विमुक्तांना मनमानी अटक करू नका. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षांनी! आणि त्यानंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी परभणी घडली. १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंद झाला, आणि मग वस्त्यांमध्ये कोम्बिंग ऑपरेशन सुरू झाले. त्यात पकडलेला वडार समाजाचा कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. गुन्हा नोंदवायलासुद्धा २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाची वाट बघावी लागली.

"कोम्बिंग" या शब्दाचा अर्थ विंचरणे. कोणत्या कलमात हा शब्द आहे? आम्हाला तो कुठल्याच संहितेत सापडला नाही. आणि उच्चभ्रू सोसायटीत कोम्बिंग झाल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही. केसांत उवा आहेत असे ज्यांच्याबद्दल आधीच ठरले आहे, त्यांनाच विंचरले जाते.

दोन आक्षेप प्रामाणिक आहेत, त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला: पोलिसाच्या जिवाचे काय? रात्री नाक्यावर उभा असलेला शिपाई आपल्याच घरातला असतो, अनेकदा जयंतीला आपल्याच शेजारी उभा असतो. त्याच्या जिवाची आम्हालाही काळजी आहे. कमरेला फुगवटा दिसतो, पात्याचे टोक दिसते, माणूस कुणाच्या अंगावर धावून जातो आहे, तर अडवा. अटक करा, झडती घ्या, कलम ३५ आणि ४९ त्यासाठीच आहेत. पण मग ते लिहा. नोंद असली तर त्या शिपायाचेच संरक्षण होते, कारण वरून "आज पन्नास तपासा" म्हणणारा साहेब चौकशीच्या वेळी तिथे नसतो. दुसरा आक्षेप: झडत्यांनी गुन्हे कमी होतात. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली ६,८५,७२४ वेळा लोकांना थांबवले. त्या वर्षी खून पाचशेच्या वर होते. २०१७ मध्ये थांबवण्याचा आकडा बारा हजारांच्या आत आला. खून तीनशेच्या आत. झडत्या कमी केल्या म्हणून खून कमी झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण झडत्या कमी केल्याने शहर बुडत नाही, इतके सिद्ध झाले. (कमी झालेल्या त्या झडत्यांतही कृष्णवर्णीयांचा वाटा मोठाच राहिला, हेही सांगितले पाहिजे. आजार आकड्याने बरा होत नाही, फक्त दिसतो.)

म्हणून आमची भूमिका अशी आहे. आज जो अधिकार पोलिसांकडे नाही, तो "मर्यादित" म्हणून त्यांच्या हातात द्यायचा नाही. टेरी निकाल मागणे म्हणजे चोराला किल्ली देऊन एकच खोली उघड असे सांगणे. आज आपल्याला निदान म्हणता येते की ही झडती कोणत्याही कलमात बसत नाही. उद्या "वाजवी संशय" हे दोन शब्द कायद्यात आले की वाजवी काय हे त्याच ठाण्यात ठरेल, आणि तिथे आपण अजून आरोपीच्या बाकावर आहोत. मागायचा तो कागद. जिथे जिथे पोलीस माणसाला थांबवून त्याच्या अंगाला हात लावेल, तिथे कारण, कलम, वेळ, ठिकाण, पोलिसाचे नाव आणि बिल्ला क्रमांक, काय सापडले किंवा नाही सापडले, हे लिहिलेली पावती त्या माणसाच्या हातात पडली पाहिजे. अटक झालेल्या आरोपीला वस्तूंची पावती मिळते. निरपराध माणसाला साधी चिठ्ठी मिळत नाही, हे कोणत्या न्यायात बसते? दुचाकीचा दंड करताना मोबाईलवर क्षणात चलन येते. मग झडतीचे का येऊ नये? आणि त्या नोंदीत सामाजिक प्रवर्गाचा रकाना हवा. तो रकाना आला की प्रशासनाचा विरोध किती तीव्र होतो ते बघा. त्यावरूनच कळेल की दुखते कुठे.

तोवर नाक्यावर काय करायचे, हे तरुण मित्र विचारतात. हिरोगिरी करू नका. संहितेच्या कलम १७२ ने पोलिसांच्या कायदेशीर निर्देशाचे पालन करणे बंधनकारक केले आहे आणि न पाळणाऱ्याला अडवून ठेवण्याचा अधिकार दिला आहे; "कायदेशीर" हा शब्द त्यात आहे, पण तो वाद रात्री अकरा वाजता रस्त्यावर जिंकता येत नाही. हात झटकलात तर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा तयारच असतो. शांतपणे विचारा: "साहेब, मला अटक केली आहे का? कोणत्या कलमाखाली झडती घेता?" आणि मोठ्याने म्हणा, "माझी संमती नाही", म्हणजे सोबतच्यांना ऐकू जाईल. बिल्ल्यावरचे नाव वाचा. मोबाईल हे हत्यार नाही. चाकू शोधणाऱ्याला तुमचे व्हॉट्सॲप बघण्याचे काही कारण नाही, तसे नम्रपणे सांगा. मुलींना पुरुष पोलीस हात लावत असेल तर सोबतच्या सगळ्यांनी तिथेच थांबून महिला पोलीस बोलवायला सांगा. घरी पोचल्यावर त्याच रात्री तारीख, वेळ, जागा, नाव लिहून काढा.

आणि या नोंदी एकेकट्याच्या वहीत ठेवू नका. प्रत्येक वस्तीतल्या बुद्धविहारात एक रजिस्टर ठेवा. अमेरिकेतल्या पोलिसांनी जे स्वतः लिहिले ते इथे आपल्यालाच लिहावे लागणार आहे. सहा महिन्यांत एका वस्तीतून शंभर नोंदी जमल्या तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणापुढे आणि उच्च न्यायालयापुढे ठेवायला काहीतरी हातात येईल. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, शुल्क दहा रुपये, म्हणून एका अर्जात एकच गोष्ट मागा: अमुक ठाण्याच्या हद्दीत गेल्या वर्षभरात झालेल्या प्रत्येक नाकाबंदीची आणि कोम्बिंगची तारीख, ठिकाण, आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद आणि स्टेशन डायरीतील नोंदीची प्रत. दुसऱ्या अर्जात विचारा की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १४७ खाली गेल्या दहा वर्षांत किती गुन्हे नोंदले. उत्तर आले तर रजिस्टरला जोडा. "माहिती उपलब्ध नाही" असे आले तर तेही जोडा, सही-शिक्क्यासह.